१९७१च्या युद्धाने बांगलादेशाला काय दिलं, आणि २०२४मध्ये तिथले तरुण कशावर चिडले?

प्रश्न असा आहे: "युद्धातून नव्या राष्ट्राची ओळख घडते असं म्हणतात आणि उदाहरण म्हणून बांगलादेशाचं नाव घेतात. मग २०२४मध्ये ढाक्याच्या विद्यार्थ्यांनी स्वतःला 'राजाकार', म्हणजे १९७१मधले पाकिस्तानी सैन्याचे साथीदार, म्हणवणाऱ्या घोषणा का दिल्या? ज्यांना राष्ट्रपिता म्हणतात त्या शेख मुजीबांचं घर का जाळलं? पन्नास वर्षांत त्या युद्धाची पुण्याई संपली का?"

दक्षिण आशियाचा आधुनिक इतिहास मी अनेक वर्षं शिकवत आले आहे आणि २०२४नंतर हा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत सतत विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा एक गृहीतक असतं: युद्धाने ओळख 'दिली', म्हणजे ती आता पक्की झाली. माझं म्हणणं वेगळं आहे. बंगाली ओळख युद्धाच्या आधीपासून घडत होती. युद्धाने तिच्यावर रक्ताची मोहोर उमटवली. त्यामुळे ती पवित्र झाली, आणि पवित्र झाल्यामुळेच ती वाढवणं, तिच्यात इतरांना सामावून घेणं, तिच्याबद्दल मोकळेपणाने बोलणं अवघड झालं. पुढे तर या कथेचा वारस कोण, हाच त्या देशाच्या राजकारणातला मुख्य तंटा होऊन बसला. २०२४ हा त्या तंट्याचा सर्वांत ताजा अंक आहे.

सुरुवात १९७१पासून करून चालणार नाही. १९४६च्या निवडणुकीत बंगालच्या मुस्लिम मतदारांनी मुस्लिम लीगला भरभरून मतं दिली होती. पाकिस्तान हवं म्हणणाऱ्यांत पूर्व बंगालचा शेतकरी होता, कारण त्याला जमीनदार आणि सावकारापासून सुटका हवी होती. स्वतः शेख मुजीबुर रहमान त्या काळात कलकत्त्यात मुस्लिम लीगचे विद्यार्थी कार्यकर्ते होते. ज्या माणसांनी १९४७मध्ये 'आम्ही मुसलमान म्हणून वेगळे' असं सांगितलं, त्यांनीच २४ वर्षांनी 'आम्ही बंगाली म्हणून वेगळे' असं सांगितलं. ती माणसं एका रात्रीत बदलली नाहीत. दोन्ही ओळखी त्यांच्यात एकाच वेळी होत्या. कधी एक वर आली, कधी दुसरी.

बंगाली ओळख वर कशी आली, हे पाहताना धीरेंद्रनाथ दत्त यांचं नाव विसरू नये. कोमिल्लाचे हे वकील काँग्रेसचे, आणि पाकिस्तानच्या घटना समितीचे सदस्य. फेब्रुवारी १९४८मध्ये कराचीत त्यांनी एक साधी मागणी केली: सभागृहाच्या कामकाजात इंग्रजी आणि उर्दूबरोबर बांगलाही चालावी. देशातल्या निम्म्याहून अधिक लोकांची ती भाषा होती. मागणी फेटाळली गेली. महिनाभरात जिनांनी ढाक्याच्या रेसकोर्स मैदानावर जाहीर केलं, की राज्यभाषा उर्दू आणि फक्त उर्दू. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात भाषेसाठी निघालेल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला; रफिक, बरकत, जब्बार, सलाम ही नावं तिथे आजही शाळकरी मुलांना तोंडपाठ असतात. १९५६च्या घटनेत बांगलाला उर्दूच्या बरोबरीचं स्थान मिळालं खरं, पण तोवर शहीद मिनार उभा राहिला होता आणि दरवर्षी पहाटे अनवाणी चालत तिथे फुलं वाहायला जायची रीत पडली होती. पाकिस्तानी सैन्याने १९७१मध्ये तो मिनार मुद्दाम पाडला. आपण कशाशी लढतो आहोत, हे त्या सैन्याला नेमकं कळलं होतं.

आणि धीरेंद्रनाथ दत्त? मार्च १९७१च्या अखेरीस सैन्याने त्यांना मुलासह कोमिल्लाच्या घरातून उचलून नेलं. दोघेही परत आले नाहीत.

भाषेच्या जोडीला पैसा होता आणि सत्ता होती. पूर्वेच्या तागाच्या निर्यातीतून परकीय चलन यायचं, कारखाने आणि राजधान्या मात्र पश्चिमेत उभ्या राहायच्या. सैन्यात बंगाली अगदी थोडे. १९६६च्या सहा कलमी मागण्या या असमतोलावर बोट ठेवणाऱ्या होत्या, आणि त्यांतलं एकही कलम 'वेगळा देश हवा' असं म्हणत नव्हतं. नोव्हेंबर १९७०मध्ये भोला बेटाच्या परिसराला चक्रीवादळाने झोडपलं. मृतांचा आकडा ३ ते ५ लाखांच्या दरम्यान धरला जातो. सरकारची मदत उशिरा आणि अपुरी पोचली. काही आठवड्यांनी झालेल्या निवडणुकीत पूर्वेच्या १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० मुजीबांच्या अवामी लीग पक्षाने जिंकल्या. संपूर्ण पाकिस्तानच्या संसदेत हे स्पष्ट बहुमत होतं. ढाक्याला पाकिस्तानचं सरकार चालवायचा कौल मिळाला होता, आणि तो नाकारला गेला.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते, की २४ मार्च १९७१पर्यंत वाटाघाटी चालू होत्या हे डोक्यात पक्कं ठेवा. ७ मार्चच्या भाषणात मुजीबांनी 'मुक्तीचा संग्राम, स्वातंत्र्याचा संग्राम' असे शब्द उच्चारले, पण औपचारिक घोषणा टाळली. दार किलकिलं ठेवलं होतं. २५ मार्चच्या रात्री सैन्याने ते कायमचं बंद केलं. ढाका विद्यापीठात हिंदू विद्यार्थ्यांचं वसतिगृह असलेला जगन्नाथ हॉल आणि विद्यार्थी चळवळीचा अड्डा असलेला इक्बाल हॉल, राजारबागची पोलीस लाइन, पिलखान्यातलं सीमा दलाचं मुख्यालय. एका रात्रीत प्राध्यापक, विद्यार्थी, पोलीस, जवान मारले गेले. त्यानंतर पाकिस्तानात राहून स्वायत्तता मागणं कोणत्याही बंगाली नेत्याला शक्य उरलं नाही. युद्धाने केलेलं पहिलं काम हे: मधल्या सगळ्या वाटा बुजवल्या.

दुसरं काम अधिक खोलवरचं आहे. तोवरची बंगाली चळवळ मुख्यतः विद्यापीठाची, वकिलांची, शिक्षकांची, शहरांतल्या कामगारांची होती. पुढच्या नऊ महिन्यांत ती खेड्यापाड्यांत शिरली, कारण सैन्य खेड्यापाड्यांत शिरलं. जवळजवळ १ कोटी माणसं सीमा ओलांडून भारतात आली; देशातल्या देशात पळत राहिलेल्यांची मोजदाद वेगळीच. कोणी नदीकाठच्या अनोळखी घरात महिनाभर लपून राहिलं, कोणी लपवलं. शहरी मुलं पहिल्यांदा आपल्याच देशाच्या गावांत राहिली. 'स्वाधीन बांगला बेतार केंद्रा'चं, म्हणजे स्वातंत्र्यलढ्याच्या रेडिओचं, प्रक्षेपण रात्री आवाज बारीक करून ऐकणं हा लाखो घरांचा सामायिक अनुभव झाला. हे सगळं कोणत्याही जाहीरनाम्याने साधलं नसतं. आजही त्या पिढीतल्या कुणाशीही बोला, पंधरा मिनिटांत 'त्या वर्षी आम्ही कुठे होतो' हा विषय निघतो.

राष्ट्राची चिन्हं ठरली तीही याच काळात. मार्च १९७१मध्ये ढाका विद्यापीठात जो झेंडा फडकला, त्याच्या लाल गोलात पूर्व बंगालचा पिवळा नकाशा होता. आपण नेमका कोणता भूभाग मागतो आहोत, पश्चिम बंगाल मागत नाही, हे त्यातून दिल्लीलाही स्वच्छ दिसत होतं. जानेवारी १९७२मध्ये नकाशा काढला आणि आजचा झेंडा राहिला. राष्ट्रगीत रवींद्रनाथांचं, १९०५च्या बंगालच्या फाळणीविरुद्ध लिहिलेलं. अयुब खानांच्या राजवटीत १९६७मध्ये रेडिओवरून रवींद्रसंगीत हद्दपार करायचा प्रयत्न झाला होता. त्याच वर्षी 'छायानट' या संस्थेने रमना उद्यानात बंगाली नववर्षाचा पहाटेचा गाण्यांचा कार्यक्रम सुरू केला, तो आजतागायत चालू आहे. सरकारने ज्याला हात लावू नका म्हटलं, त्याच गोष्टी पुढे राष्ट्रीय ठरल्या.

आता या कथेच्या कडेला राहिलेल्या माणसांकडे येते, कारण माझ्या मते ओळख कशी घडते याचं खरं उत्तर तिथे आहे.

बांगलादेशाचा सर्वोच्च युद्धसन्मान 'वीरश्रेष्ठ'. तो ७ जणांना मिळाला आणि सातही जण सैन्य, नौदल, हवाई दल किंवा सीमा दलातले. सातही जण शौर्याने मेले, त्यांच्याबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पण ज्या युद्धाला सगळे 'लोकयुद्ध' म्हणतात, ज्यात शेतकरी, विद्यार्थी, नावाडी लढले, त्यातला एकही गणवेशाबाहेरचा माणूस सर्वोच्च यादीत नाही. सन्मान देण्याची यंत्रणा सैन्याची, कागदपत्रं सैन्याची, शिफारशी सैन्याधिकाऱ्यांच्या. म्हणून यादीही तशीच झाली.

तारामन बीबींचं उदाहरण घ्या. कुडीग्राम जिल्ह्यातली गरीब घरातली किशोरवयीन मुलगी. मुक्तिवाहिनीच्या, म्हणजे स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या बंगाली दलाच्या, तळावर स्वयंपाकाला म्हणून गेली, तिथे बंदूक शिकली, शत्रूच्या हालचालींची माहिती काढून आणू लागली, लढलीही. १९७३मध्ये तिला 'वीरप्रतीक' हा सन्मान जाहीर झाला. तिला ते कळलंच नाही. १९९५मध्ये एका अभ्यासकाने शोध घेतला तेव्हा ती क्षयाने आजारी होती आणि आपल्या नावावर पदक आहे, याचा तिला पत्ताही नव्हता. मधली बावीस वर्षं राष्ट्र युद्धातल्या शौर्याच्या गोष्टी सांगत होतं आणि ती उपाशी राहत होती. मला या एका प्रसंगाइतकं दुसऱ्या कशाने अस्वस्थ केलेलं नाही.

युद्धात ज्या स्त्रियांवर बलात्कार झाले, त्यांची संख्या सरकारी सांगण्यानुसार २ लाख. मुजीब सरकारने त्यांना 'वीरांगना' ही पदवी दिली, पुनर्वसन केंद्रं काढली, परदेशांत मुलं दत्तक देण्यासाठी १९७२मध्ये खास आदेश काढला. हेतू चांगला होता. पण घरी परतलेल्या बाईसाठी ती पदवी शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळण्याची खूण ठरली. कित्येकींना नवऱ्याने, भावाने दार उघडलं नाही. बहुतेकींनी तोंड मिटून घेतलं. शिल्पकार फिरदौसी प्रियभाषिणी यांनी नव्वदच्या दशकात स्वतःवरचे अत्याचार स्वतःच्या नावानिशी जाहीरपणे सांगितले, तेव्हा कोंडी थोडी फुटली. वीरांगनांना मुक्तियोद्ध्यांचा दर्जा, म्हणजे पेन्शन आणि इतमाम, मिळायला २०१५ उजाडावं लागलं. राष्ट्राला त्यांचं दुःख प्रतीक म्हणून हवं होतं. त्यांचं म्हणणं ऐकायची तयारी फार उशिरा झाली.

ऑक्टोबर १९७२मध्ये नव्या घटनेवर चर्चा चालू होती. सहाव्या कलमात नागरिकांना 'बंगाली' म्हणावं असं ठरलं. चितगावच्या डोंगराळ भागातून निवडून आलेले मानवेंद्र नारायण लारमा उभे राहिले. मी चकमा आहे, माझ्या बापजाद्यांनी कधी स्वतःला बंगाली म्हटलेलं नाही, मला बांगलादेशाचा नागरिक म्हणा, पण बंगाली म्हणू नका, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. ऐकलं गेलं नाही. ते सभागृहातून बाहेर पडले. चकमांची जखम जुनी होती: पाकिस्तानच्या काळात कप्ताई धरणाने त्यांची सुपीक जमीन बुडवली आणि सुमारे १ लाख माणसं उठवली. शिवाय चकमा राजे त्रिदिव राय १९७१मध्ये पाकिस्तानच्या बाजूने राहिले होते, त्यामुळे सगळ्या जमातीकडेच संशयाने बघितलं गेलं. लारमांच्या संघटनेतून पुढे 'शांतिवाहिनी' ही सशस्त्र शाखा निघाली, डोंगरात दोन दशकं रक्त सांडलं आणि २ डिसेंबर १९९७ रोजी सरकारशी करार झाला. त्यातल्या जमिनीच्या कलमांवर आजही तक्रारी आहेत. भाषेच्या नावाने अन्याय सोसलेल्या लोकांनी वर्षभराच्या आत दुसऱ्यांवर आपली ओळख लादली, आणि लादताना आपण काही चूक करतो आहोत असं बहुतेकांना वाटलं नाही. इतक्या बलिदानाने मिळालेलं नाव कुणाला नको असेल, ही कल्पनाच त्यांना करता येत नव्हती.

फाळणीच्या वेळी भारतातून तिथे गेलेल्या, उर्दू बोलणाऱ्या बिहारी मुसलमानांची गोष्टही अशीच. त्यांच्यातले बरेच पाकिस्तानी सैन्याच्या बाजूने गेले, काहींनी हत्याकांडांत भाग घेतला. त्यांच्यातलेही अनेक सूडात मारले गेले. पाकिस्तानने बहुतेकांना नेलं नाही, बांगलादेशाने आपलं म्हटलं नाही. ढाक्यातल्या मोहम्मदपूरच्या जिनेव्हा कॅम्पसारख्या वस्त्यांत एका खोलीत तीन-तीन पिढ्या वाढल्या. त्यांच्या नागरिकत्वावर उच्च न्यायालयाने स्पष्ट निर्णय दिला तो २००८मध्ये.

हिंदूंचं काय झालं, तेही इथेच सांगायला हवं. १९७१मधल्या शरणार्थींमध्ये हिंदूंचं प्रमाण फार मोठं होतं. नव्या घटनेत धर्मनिरपेक्षता हे चार आधारतत्त्वांपैकी एक होतं. तरीही १९६५च्या युद्धावेळी पाकिस्तानने हिंदूंच्या जमिनी 'शत्रूची मालमत्ता' ठरवण्यासाठी केलेली व्यवस्था स्वतंत्र बांगलादेशाने 'निहित मालमत्ता' असं नाव बदलून १९७४मध्ये चालूच ठेवली. जमिनी परत देण्याचा कायदा २००१मध्ये झाला. घटना काय म्हणते हे जरूर वाचावं, पण नव्या राष्ट्राने आपली ओळख खरोखर बदलली का, हे पाहायचं तर सातबारा कोणाच्या नावावर राहिला ते बघावं.

पुढचं राजकारण मी थोडक्यात सांगते. युद्धाच्या काळात मुजीब पाकिस्तानच्या तुरुंगात होते. सरकार चालवलं ताजउद्दीन अहमद यांनी, कलकत्त्याच्या थिएटर रोडवरून. लढले ते सीमेवरचे अधिकारी आणि आतली तरुण मुलं. अनेक बंगाली अधिकारी पश्चिम पाकिस्तानात अडकले होते, ते १९७३-७४मध्ये परतले. लढलेल्या अधिकाऱ्यांना दोन वर्षांची ज्येष्ठता दिली गेली, परतलेल्यांना नाही. सैन्यात उभी फूट पडली. १९७४चा दुष्काळ, जानेवारी १९७५मधली एकपक्षीय राजवट, १५ ऑगस्टला मुजीबांची कुटुंबासह हत्या, ३ नोव्हेंबरला तुरुंगात ताजउद्दीन आणि इतर तीन नेत्यांचा खून. युद्धाचं नेतृत्व साडेतीन-चार वर्षांत संपलं होतं. त्यांच्या जागी वारसदार आले.

झियाउर रहमान स्वतः मुक्तियोद्धे. २७ मार्च १९७१ रोजी चितगावजवळच्या कालुरघाट केंद्रावरून मुजीबांच्या वतीने स्वातंत्र्याची घोषणा वाचणारा आवाज त्यांचाच. सत्तेत आल्यावर त्यांनी घटनेतून धर्मनिरपेक्षता काढली, 'बंगाली'ऐवजी 'बांगलादेशी' हा शब्द आणला. 'बांगलादेशी'त चकमा बसू शकत होते, हे मान्य करावं लागेल. पण त्याच बदलाने मुस्लिमपण पुन्हा मध्यभागी आलं आणि १९७१मध्ये पाकिस्तानची बाजू घेतलेल्यांना राजकारणात परतायची वाट मिळाली. १९८८मध्ये लष्करशहा इर्शाद यांनी इस्लाम हा राज्यधर्म केला. २०११मध्ये मुजीबांची मुलगी आणि अवामी लीगच्या नेत्या शेख हसीना यांच्या सरकारने धर्मनिरपेक्षता परत आणली, राज्यधर्मही ठेवला, आणि सहाव्या कलमात लिहिलं की राष्ट्र म्हणून लोक 'बंगाली', नागरिक म्हणून 'बांगलादेशी'. १९४६ आणि १९७१ एकाच पानावर शेजारीशेजारी बसवल्यासारखं ते कलम मला वाटतं.

या काळात शाळेची पुस्तकं सरकारबरोबर बदलत राहिली. स्वातंत्र्याची घोषणा कोणी केली, मुजीबांनी की झियांनी? ज्याचं सरकार, त्याचं उत्तर. मुक्तियोद्ध्यांच्या याद्याही पुन्हा पुन्हा झाल्या, आणि खोटी प्रमाणपत्रं इतकी बोकाळली की २०१४मध्ये काही सरकारी सचिवांचीच प्रमाणपत्रं रद्द करावी लागली.

इथून तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. १९७२पासून सरकारी नोकऱ्यांत ३० टक्के जागा मुक्तियोद्ध्यांसाठी राखीव होत्या. ज्यांनी हात-पाय गमावले, ज्यांची घरं जळाली, त्यांच्यासाठी ते न्याय्यच होतं. पुढे ती सवलत मुलांना, मग नातवंडांना मिळाली. सुशिक्षित बेकारी वाढत असताना तिसऱ्या पिढीसाठी ३० टक्के जागा हा प्रकार विद्यार्थ्यांना खुपणारच होता. २०१८च्या आंदोलनानंतर कोटा रद्द झाला, जून २०२४मध्ये उच्च न्यायालयाने तो परत आणला. विद्यार्थी रस्त्यावर आले. १४ जुलैला पंतप्रधान शेख हसीनांनी पत्रकारांसमोर विचारलं, की मुक्तियोद्ध्यांच्या नातवंडांना नाही मिळायचं तर काय राजाकारांच्या नातवंडांना मिळायचं? मराठवाड्यातल्या वाचकांना 'रझाकार' या शब्दाचा डंख समजावून सांगायला नको. पूर्व पाकिस्तानात १९७१मध्ये सैन्याच्या मदतीला उभ्या केलेल्या पथकांचं नाव हेच होतं, आणि तिथे त्याहून मोठी शिवी नाही.

त्याच रात्री ढाका विद्यापीठाच्या वसतिगृहांतून घोषणा उठली: "तुमि के? आमि के? राजाकार, राजाकार!" लगेच पुढची ओळ: "के बोलेछे? के बोलेछे? स्वैराचार, स्वैराचार!" म्हणजे, तू कोण, मी कोण? राजाकार. असं कोण म्हणतं? हुकूमशहा. आणखी एक घोषणा होती: "चाइते गेलाम अधिकार, होये गेलाम राजाकार." हक्क मागायला गेलो आणि राजाकार ठरलो. आपल्याकडच्या अनेक बातम्यांत फक्त पहिली ओळ आली, म्हणून गैरसमज झाला. आणि त्या घोषणेचा साचा बघा. साठच्या दशकाच्या अखेरीस याच विद्यापीठात "तुमि के? आमि के? बांगाली, बांगाली!" ही घोषणा घुमली होती. मुलं १९७१च्या वारशातूनच बोलत होती. ज्या सरकारने त्या वारशाला आपली खासगी मालमत्ता केलं, त्याला ती सांगत होती की आमच्या देशभक्तीचा दाखला तुम्ही देणारे कोण.

१६ जुलैला रंगपूरमध्ये अबू सईद हा विद्यार्थी दोन्ही हात पसरून पोलिसांसमोर उभा राहिला आणि गोळ्यांनी कोसळला. २१ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने मुक्तियोद्ध्यांच्या कुटुंबीयांचा कोटा ५ टक्क्यांवर आणला, पण तोवर प्रश्न कोट्याचा राहिला नव्हता. ५ ऑगस्टला हसीना देश सोडून गेल्या. त्या आठवड्यांतल्या मृतांचा संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाचा अंदाज १,४०० पर्यंत जातो.

म्हणून मी म्हणते, की बहुसंख्य तरुणांनी १९७१ नाकारलेलं नाही. मात्र सगळं सरसकट धुऊन काढायचंही कारण नाही. धानमंडीतलं ३२ क्रमांकाचं घर, जिथे मुजीबांचा खून झाला आणि जे नंतर संग्रहालय झालं, ते ५ ऑगस्टला जाळलं गेलं आणि ५ फेब्रुवारी २०२५च्या रात्री यंत्रं लावून पाडलं गेलं. मुजीबनगर, जिथे १७ एप्रिल १९७१ रोजी पहिल्या सरकारने शपथ घेतली, तिथल्या स्मारकातली शिल्पंही फोडली गेली. ही मोडतोड कोट्यावरच्या रागातून झाली असं मी म्हणणार नाही. १९७१मध्ये हरलेल्या बाजूचे वैचारिक वारस त्या देशात आहेत, त्यांना ही संधी हवीच होती. राष्ट्रगीत बदलण्याची मागणीही पुढे आली. हसीनांनंतर आलेल्या अंतरिम सरकारने तसा बेत नाही असं सांगितलं. एका पक्षाने युद्धाची स्मृती मुठीत धरली की त्या पक्षावरचा राग स्मृतीवर निघतो, आणि तो राग वापरून घेणारे तयार असतात. हसीनांच्या राजवटीने १९७१चं सर्वांत मोठं नुकसान इथे केलं. १९९२मध्ये, युद्धात मुलगा गमावलेल्या जहानारा इमाम यांनी सुहरावर्दी उद्यानात युद्धगुन्हेगारांविरुद्ध लोकांचं प्रतीकात्मक न्यायालय भरवलं, तेव्हा त्यांच्या पाठीशी सत्ता नव्हती, उलट सरकारने त्यांच्यावरच राजद्रोहाचा खटला भरला. ती मागणी नैतिक होती आणि म्हणूनच तिच्यात जोर होता. युद्धगुन्हेगारांना कडक शिक्षा मागणाऱ्या २०१३च्या शाहबाग आंदोलनातही तो जोर सुरुवातीला दिसला. पुढे 'राजाकार' हा शब्द कुठल्याही विरोधकावर फेकायचं हत्यार झाला, तेव्हा खऱ्या राजाकारांनाच त्याचा आडोसा मिळाला.

शेवटी भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट, कारण या प्रश्नाच्या मागे बहुधा 'आपण त्यांना स्वातंत्र्य मिळवून दिलं आणि ते विसरले' ही नाराजी असते. जमालपूरला १० डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानी बलुच पलटणीचा बाहेर पडायचा प्रयत्न मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनने, म्हणजे आपल्या 'जंगी पलटणी'ने, हाणून पाडला. दुसऱ्या दिवशी टांगाइलला हवाई छत्रीने उतरलेली २ पॅरा ही मूळची मराठा पलटणच. या शौर्याचा अभिमान मलाही आहे. पण टांगाइलच्या त्या परिसरावर स्थानिक मुक्तियोद्ध्यांची, कादर सिद्दिकींच्या दलाची, आधीपासून पकड होती, म्हणून तिथे उतरणं सुकर झालं. आपल्या आठवणीतलं युद्ध ३ डिसेंबरला सुरू होतं आणि १६ डिसेंबरला संपतं. त्यांचं २५ मार्चला सुरू होतं. १६ डिसेंबरच्या शरणागतीच्या दस्तऐवजात 'भारतीय आणि बांगलादेश सेना' असे शब्द आहेत, पण टेबलाशी सही करायला बसले होते भारताचे जनरल अरोरा आणि पाकिस्तानचे जनरल नियाझी; मुक्तिवाहिनीचे सरसेनापती उस्मानी तिथे नव्हते, उपप्रमुख ए. के. खोंदकर बाजूला उभे होते. पुढे सिमल्यात करार करायला भारत आणि पाकिस्तान बसले, बांगलादेश नव्हता. नऊ महिने लढलेल्या, प्रत्येक घरातून कुणीतरी गमावलेल्या लोकांना आपल्या 'तेरा दिवसांच्या युद्धा'चा उल्लेख का बोचतो, हे यातून समजावं. तिथल्या मित्रांशी १९७१बद्दल बोलाल तेव्हा मार्चपासून सुरुवात करा, त्या वर्षी त्यांच्या घरचे कुठे होते ते विचारा आणि मग ऐका. चकमा मित्र असेल तर १९७२बद्दलही विचारा.